उरलेले शेवाळनाशक : वापरावे, परत करावे की नाकारावे?

पावसाळा ओसरला की विरार पूर्वेच्या चंदनसार भागातील प्लंबर, पंपवाले आणि फरशीवाले यांना एका ठरावीक कामाचे निरोप येऊ लागतात. अर्नाळा, राजोडी, नवापूरच्या किनाऱ्याकडचे आणि महामार्गाच्या बाजूचे सुट्टीचे बंगले पावसाळ्यात बहुधा बंद असतात. मालक मुंबईत असतो. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे येणार असतात आणि अंगणातला पोहण्याचा तलाव, ज्याला सगळे स्विमिंग पूल म्हणतात, तो हिरवागार झालेला असतो.

कारागीर जातो, पाणी पाहतो, पंपाच्या खोलीचे दार उघडतो. कोपऱ्यात मागच्या उन्हाळ्यातला पाच लिटरचा कॅन असतो. अर्धा भरलेला, लेबल ओलीने गळून पडलेले. मालक फोनवर सांगतो, “अहो, ते शेवाळाचे औषध पडले आहे ना, तेच टाका. नवीन कशाला आणता?”

या सांगण्यात मालकाची बचत दिसते. पण नीट विचार केला नाही तर तिच्यात कारागिराचे नुकसान दडलेले असते. आमच्या माहितीतल्या एका कारागिराने असाच एक अर्धा कॅन तलावात रिता केला. आधी त्याने ब्लीचिंगचा भरपूर मारा केला होता. दोन दिवसांत पाणी निवळले, मालक खूश झाला. पण आठवड्याने पांढऱ्या पायऱ्यांवर आणि फरशीच्या सांध्यांत निळसर-करडे डाग उमटले. कॅनमध्ये तांब्याचे औषध होते, हे नंतर कळले. डाग घासण्याची मजुरी कारागिराच्या अंगावर आली, बिल अडकले आणि वर्षाचे कामही गेले. औषध वाईट नव्हते, कारागीरही लबाड नव्हता. कॅनमध्ये काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते, एवढीच त्याची चूक.

म्हणून या अंकात आम्ही हाच विषय घेतला आहे. उरलेले शेवाळनाशक वापरता येते. मात्र त्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात : कॅनमध्ये कोणते औषध आहे, ते किती तीव्र आहे आणि तलावात पाणी किती आहे. यांपैकी एक जरी माहीत नसली, तरी फुकटचा कॅन नव्या कॅनपेक्षा महाग पडतो.

शेवाळनाशक ही राखण आहे, इलाज नव्हे

पहिला गैरसमज दूर करू. हिरव्या झालेल्या तलावात शेवाळनाशक ओतले की काम झाले, असे पुष्कळजण धरून चालतात. तसे होत नाही. वाढलेले शेवाळ मारण्याचे मुख्य काम क्लोरीनचे आहे. शेवाळनाशक हे स्वच्छ झालेल्या पाण्यात पुन्हा शेवाळ धरू नये म्हणून टाकायचे असते. पीक हातचे गेल्यावर शेताला कुंपण घालून काय उपयोग? तसेच हे आहे.

तलाव हिरवा होतो तो क्लोरीन संपल्यामुळे. पावसाचे पाणी क्लोरीन पातळ करते, पालापाचोळा आणि माती ते खाऊन टाकतात, आणि उघडीप पडली की ऊनही ते उडवते. पंप बंद असला तर पाणी साचून राहते आणि शेवाळाला रान मोकळे मिळते. अशा वेळी अर्धा कॅन शेवाळनाशक म्हणजे औषधाची नासाडीच आहे.

कॅनमध्ये काय असते?

बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळणारी शेवाळनाशके मुख्यतः तीन जातींची असतात.

१. साधे क्वाट. यात बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. हेच द्रव्य दवाखान्यातल्या काही जंतुनाशकांतही सापडते. ते स्वस्त आहे आणि काम करते, पण साबणासारखा फेस करते. मात्रा जास्त झाली, किंवा तलावात कारंजे वा धबधबा असला, तर पाण्यावर फेसाची साय धरते आणि मालकाचा फोन येतो.

२. पॉलिक्वाट. हे मधासारखे दाट असते, फेस करत नाही, डागही पाडत नाही. किंमत जास्त, पण घरगुती तलावाला सर्वांत निर्धोक. लेबलावर बहुधा ६० टक्के असे लिहिलेले असते.

३. तांब्याचे. यात आपला जुना मोरचूदच असतो, किंवा तांबे पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या द्रव्याशी बांधलेले असते. शेवाळावर ते जोरदार आहे. पाणीपुरवठ्याच्या तलावातील शेवाळासाठी मोरचूद वापरण्याची रीत अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर आणि केलरमन या शास्त्रज्ञांनी १९०४ साली मांडली होती. मात्र तांबे उडून जात नाही. मागच्या वर्षी टाकलेले तांबे पाण्यातच असते आणि आज टाकाल ते त्यात मिळते. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वाढला किंवा क्लोरीनचा जोरदार मारा झाला की हे तांबे पाण्यातून सुटून भिंतीवर बसते. वर सांगितलेले डाग पडले ते असेच.

लेबल गेले असेल तर

रंगावर भरवसा ठेवू नये. मोरचुदाचे पाणी निळे असते हे खरे, पण क्वाटच्या औषधातही निळा रंग मिसळलेला असू शकतो.

कारागिराच्या हाताशी दोन साध्या परीक्षा आहेत. हातमोजे घालून काचेच्या बाटलीत स्वच्छ पाणी घ्या, त्यात औषधाचे चार थेंब टाका आणि झाकण लावून हलवा. पुष्कळ फेस आला आणि तो टिकून राहिला तर ते साधे क्वाट असण्याचा संभव जास्त.

दुसरी परीक्षा आपल्या बागायतदारांच्या ओळखीची आहे. पानवेल, सुपारी आणि द्राक्षावर फवारायचे बोर्डो मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मिश्रणात चुना कमी पडला का, हे पाहण्यासाठी बागायतदार त्यात विळ्याचे चकचकीत पाते बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला की मोरचूद मोकळा आहे असे समजतात. हीच युक्ती येथे चालते. पॉलिश कागदाने घासलेला लोखंडी खिळा थोड्या औषधात बुडवून ठेवा. तांबूस थर धरला तर औषध तांब्याचे. मात्र थर धरला नाही म्हणून तांबे नाहीच, असे म्हणू नये. बांधलेले तांबे लोखंडावर चटकन उतरत नाही.

या परीक्षांनी जात कळेल, तीव्रता कळणार नाही. दहा टक्के आणि पन्नास टक्के यांतला फरक ना फेस सांगतो, ना खिळा. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. लेबल नाही आणि कोणी खात्रीने सांगतही नाही, असा कॅन दुसऱ्याच्या तलावात ओतू नये. “हे मी टाकणार नाही” असे सांगण्यात कमीपणा नाही. मालक नाराज झाला तरी एक दिवस होईल, डाग पडला तर वर्षभर राहील.

लेबल शाबूत असेल तर त्यावरची मुदत पाहा. घट्ट बंद करून सावलीत ठेवलेले शेवाळनाशक एका पावसाळ्यात सहसा बिघडत नाही. मुदत उलटलेली असेल, तळाला गाठी बसल्या असतील, हलवूनही थर वेगळे राहत असतील किंवा कुबट वास येत असेल, तर त्याचा नाद सोडावा.

मापाचा हिशेब

मात्रा अंदाजाने घालणे हीच या धंद्यातली मोठी खोड आहे. हिशेब मात्र अगदी सोपा आहे. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने गुणा. समजा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर खोल आहे. सरासरी खोली सव्वा मीटर. ८ × ४ × १.२५ म्हणजे ४० घनमीटर, अर्थात ४०,००० लिटर पाणी.

आता मोरचुदाचा हिशेब पाहू. मोरचुदाच्या खड्यांत तांबे सुमारे चौथा हिस्सा असते. पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तांबे हवे असेल तर ४०,००० लिटरना ८ ग्रॅम तांबे लागते, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम मोरचूद. एक लहान मूठही नव्हे! आपल्याकडे मात्र अर्ध्या किलोची पुडी सरळ फोडली जाते. अर्धा किलोतून लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर तांबे उतरते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने तांब्याची कमाल सूट १.५ मिलिग्रॅमची दिली आहे. तलावात मुले पोहतात, घोटभर पाणी त्यांच्या पोटात जातेच. ही पुडी त्या मर्यादेच्या दुप्पट तांबे पाण्यात घालते.

क्वाट आणि पॉलिक्वाटची मात्रा लेबलावर लिहिलेली असते. ती तलावाच्या लिटरांच्या हिशेबाने काढा आणि मापाच्या पेल्याने मोजून घाला. “थोडे जास्त पडले तर चांगलेच” हे येथे लागू नाही.

कामाचा क्रम

उरलेला माल चांगला निघाला, मात्रा काढली, तरी क्रम चुकला तर सारे पाण्यात. जोरदार क्लोरीन क्वाट आणि पॉलिक्वाट या दोहोंना तोडते. दोन्ही एकाच दिवशी टाकणारा कारागीर एका हाताने घालतो आणि दुसऱ्या हाताने पुसतो. म्हणून क्रम असा ठेवावा :

१. पाला काढा. भिंती, पायऱ्या, शिडीची मागची बाजू आणि कोपरे ब्रशने घासा. घासल्याशिवाय शेवाळाची बुळबुळीत साल फुटत नाही आणि आत औषध शिरत नाही.

२. पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणा. पीएच चढलेला असला की क्लोरीन मंद पडते. ॲसिड टाकायचे झाल्यास बादलीतल्या पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडात पाणी कधीही घालू नका.

३. संध्याकाळी क्लोरीनचा मारा करा, म्हणजे ऊन ते खाणार नाही. आपल्या ४०,००० लिटरच्या तलावात लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीन हवे तर ४०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागते. ते ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोच्या सुमारे ६१५ ग्रॅममधून, किंवा ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या ३३ टक्क्यांच्या ताज्या टीसीएल पावडरीच्या सव्वा किलोतून मिळते. टीसीएलचा चुना पाणी गढूळ करतो. म्हणून ती बादलीत कालवून, निवळू देऊन, वरचे पाणी घ्यावे. तलाव फारच हिरवा असेल तर मारा दुसऱ्या रात्रीही करावा लागतो.

४. पंप आणि फिल्टर रात्रभर चालू ठेवा. फिल्टरचा दाब चढला की उलटे पाणी मारून तो धुवा.

५. रोज क्लोरीन तपासा. हिरवा रंग जाऊन पाणी निवळले आणि क्लोरीन ३ मिलिग्रॅमच्या खाली उतरले, की मगच शेवाळनाशकाची वेळ. पाण्यात मिसळून, पंप चालू असताना, तलावाच्या कडेने फिरत घाला.

६. त्यानंतर पुन्हा क्लोरीन पाहा. ते १ ते ३ च्या दरम्यान टिकले पाहिजे. क्लोरीन टिकले तर शेवाळनाशक कमी लागेल. क्लोरीन पडले तर शेवाळनाशकाचा पिंपही पुरणार नाही. लेबलावर सांगितलेला वेळ जाईपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

एक लक्षात ठेवावे. शेवाळनाशक जुने झाले तरी बरेच टिकते, पण उरलेले हायपोचे पाणी आणि टीसीएल पावडर टिकत नाहीत. आपल्या उन्हाळ्यात आणि दमट हवेत त्यांचा जोर झपाट्याने उतरतो. उन्हाळ्यातले उरलेले ब्लीचिंग ऑक्टोबरात पूर्ण ताकदीचे धरून हिशेब केला तर तलाव हिरवाच राहील आणि दोष शेवाळनाशकाला जाईल.

रिओचा धडा

ही चूक केवळ लहान कारागिराचीच होते असे नाही. २०१६ साली ब्राझीलमधील रिओच्या ऑलिंपिकमध्ये उड्या मारण्याच्या स्पर्धेचा तलाव साऱ्या जगासमोर हिरवा झाला. चौकशीअंती आयोजकांनी सांगितले की, ५ ऑगस्टला एका कंत्राटदाराने तलावांत ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले होते. हे द्रव्यही पाणी स्वच्छ करण्यासाठी वापरतात. परंतु पाण्यात क्लोरीन असताना ते टाकले तर ते क्लोरीनला निकामी करते. शेवाळाला पहारा उरला नाही आणि तलाव हिरवा झाला. शेजारच्या तलावाचे पाणी तर काढून टाकून सरावाच्या तलावातून सुमारे ३७ लाख लिटर पाणी भरावे लागले.

दोन चांगली औषधे एकत्र आली की चांगलाच परिणाम होईल असे नसते, हा त्यातला धडा आहे. ऑलिंपिकच्या आयोजकांना ३७ लाख लिटर पाणी मिळाले. आपल्या मालकाला ४०,००० लिटर बदलायचे तर दहा हजारी चार टँकर बोलवावे लागतील आणि त्याचे बिल कोणाच्या नावावर लागेल, हे सांगायला नको.

साठवण आणि मिसळ

पंपाची खोली लहान, उकाड्याची आणि दमट असते. तेथे ॲसिड, ब्लीचिंग आणि शेवाळनाशक एकाच फळीवर ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. क्लोरीनच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपो ओलीत मिसळले तर पेट घेतात, स्फोटही होतो. एका औषधाचे माप दुसऱ्यात बुडवू नका. दोन कॅनमधला उरलेला माल एका कॅनमध्ये ओतू नका, कंपनी एकच असली तरीही. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत तर औषध कधीच भरू नये. तहानलेला मजूर किंवा खेळणारे मूल बाटली ओळखते, आतले औषध ओळखत नाही. डोळ्यात थेंब गेला तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि लेबलासह डॉक्टरकडे जावे.

रिकामा कॅन कोठे जातो?

हा मुद्दा आमच्या भंगारवाल्या बांधवांसाठी आहे आणि आमच्या मते या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आहे. वसई-विरारमध्ये आजही अनेक चाळींत पाणी ठरावीक वेळेला येते किंवा टँकरने येते. त्यामुळे जाड प्लास्टिकच्या कॅनला गिऱ्हाईक लगेच मिळते. शेवाळनाशकाचा कॅन भंगारात येतो, विसळला जातो, दाराशी मांडला जातो आणि कोणाच्या तरी घरी पिण्याच्या पाण्याला लागतो. क्वाट प्लास्टिकला चिकटून राहते. एकदा विसळून ते जात नाही. विकणाऱ्याला चार पैसे सुटतात आणि विकत घेणारी बाई बहुधा आपल्याच मोहल्ल्यातली असते.

म्हणून कारागिराने कॅन तलावाच्या पाण्याने तीनदा खळबळून ते पाणी तलावातच ओतावे, नंतर कॅनला तळाशी दोन भोके पाडावीत आणि मगच तो भंगारात द्यावा. भंगारवाल्यानेही भोक नसलेला औषधाचा कॅन भांडे म्हणून न विकता दाणा करायला पाठवावा. प्लास्टिकचा भाव त्यालाही मिळतोच.

नको असलेले औषध गटारात, विहिरीत किंवा बावखलात ओतणे हा त्याहून मोठा अपराध आहे. वसईच्या वाड्यांतील बावखले पिढ्यान्‌पिढ्या बागांना पाणी देत आली आहेत, विहिरींचे झरे जिवंत ठेवत आली आहेत. तांबे आणि क्वाट ही दोन्ही माशांना थोड्या मात्रेतही मारक आहेत. तलाव रिकामा करतानाही औषध टाकल्याबरोबर पाणी सोडू नये आणि तांब्याचे पाणी बावखलाच्या दिशेने तर मुळीच वळवू नये. बंद आणि लेबल असलेला कॅन दुकानदार परत घेतो का ते विचारावे, नाही तर त्याच जातीचे औषध वापरणाऱ्या दुसऱ्या कारागिराला लेबलासह द्यावा.

उरलेला माल कोणाचा?

शेवटी व्यवहाराचा प्रश्न. एका बंगल्याच्या बिलावर पाच लिटरचा कॅन आणला, दोन लिटर लागले, तीन उरले. हे तीन लिटर कोणाचे? ज्याने पैसे दिले त्याचे. कारागिराच्या हाती ती अमानत आहे. तोच माल दुसऱ्या बंगल्यात टाकून नव्या कॅनचे बिल लावणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे घेणे. अशी कमाई दिसायला गोड असते, पण बंगल्यांचे राखणदार एकमेकांशी बोलतात. एकदा नाव गेले की त्या रस्त्यावरचे काम गेले.

त्याऐवजी कारागिराने मोठा कॅन स्वतःच्या पैशाने घ्यावा आणि गिऱ्हाइकाला मोजलेल्या मात्रेचे पैसे लावावेत. दुकानदारानेही एक-एक लिटरच्या सीलबंद बाटल्या ठेवाव्यात. माल उरलाच नाही तर पुढचा सारा घोळ टळतो. आणि दहा रुपयांची एक वही करावी. तीत बंगला, पाण्याचे लिटर, औषधाची जात आणि टक्के, कॅन उघडल्याची तारीख, टाकलेली मात्रा, उरलेली मात्रा हे लिहावे. कॅनवरही पक्क्या शाईने हीच माहिती लिहून वरून चिकटपट्टी लावावी, म्हणजे पावसाळ्यात ती पुसणार नाही. तांब्याचे औषध असेल तर “तांबे” हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा.

पुढच्या ऑक्टोबरात मालकाचा फोन येईल, “ते औषध पडले आहे ना?” तेव्हा वही उघडून सांगता यावे : “होय साहेब, पॉलिक्वाट आहे, दोन लिटर आहे, मुदत आहे. आधी क्लोरीनने पाणी निवळू द्या, मग पाचव्या दिवशी तेच टाकतो. नवीन आणायची गरज नाही.” मालकाचे पैसे वाचतील आणि पुढच्या वर्षाचे काम कारागिराकडेच राहील. कारागिराच्या रोजीत बरकत येते ती अशाच चोख हिशेबातून.